न उचललेलं पिस्तूल

पेंडीच्या दुकानात बाकावर बसला की डॉर्सी पीवीचं ठासणीच्या पिस्तुलांवरचं प्रवचन ठरलेलं. खार मारायची तर नळी बारीक हवी, दारू चिमूटभर, गोळी वाटाण्याहून मोठी नको. मोठ्या तोंडाचं पिस्तूल घेऊन खारीमागे जाणारा तो शिकारी नव्हे, खाटीक. अमेरिकेतल्या दक्षिण मिसुरीच्या त्या डोंगरातल्या निम्म्या लोकांनी त्याच्या सल्ल्यानं पिस्तुलं घेतली होती, आणि सल्ला खराच होता. पण लोका सांगे ब्रह्मज्ञान हे काही उगाच म्हणत नाहीत.

त्याचा जन्माचा शिकारसोबती होबार्ट लेडबेटर हिवाळ्यात गेला. दोन वर्षं फुफ्फुसांच्या दुखण्यानं त्याला घरीच बसवलं होतं. त्या दोन वर्षांत डॉर्सी एकदाही त्याच्या उशाशी बसला नाही. कधी कुंपण पडलेलं असे, कधी गाय व्यायची असे. अंत्यविधीलाही तो मागच्या बाकावर बसला आणि जेवणाआधीच सटकला.

खारींचा हंगाम उघडायच्या तोंडावर होबार्टची बायको ओलीटा हिनं त्याला बोलावून घेतलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॉवेल अंथरून तिनं दोन पिस्तुलं मांडली होती. एक सहाबारी, पितळी, नक्षीदार, तोंड अंगठा जाईल एवढं. दुसरं साधं, एकनळी, अक्रोडाच्या मुठीचं, होबार्टनं आपल्या शेडमध्ये घडवलेलं.

"यातलं एक तुझं," ओलीटा म्हणाली. "कुठलं ते तूच ठरव. त्याची तशीच इच्छा होती."

खारीला कुठलं लागतं हे डॉर्सीइतकं त्या तालुक्यात कुणाला ठाऊक नव्हतं. तरी त्याची नजर पितळेवरून हलेना. हे कमरेला लावून दुकानात शिरलो तर लोकांचे डोळे कसे विस्फारतील, एवढंच त्याला दिसत होतं. हाव ही अशी.

"सहा बार आहेत," तो उगाच खाकरून म्हणाला. "एक चुकला तर दुसरा हाताशी."

"ते दुसरं हातात तरी घेऊन बघ."

"बघायचं काय त्यात? होबार्टचं काम मला माहीत नाही का!"

"नक्की ना?"

"अगं, नक्की म्हणजे नक्की."

ओलीटानं पितळी पिस्तूल टॉवेलात गुंडाळून दिलं.

हंगामाच्या पहिल्याच सकाळी हिकरीच्या झाडाखाली डॉर्सीनं बार काढला. दारू कमीत कमी घातली होती, नेमही बरा होता. धूर विरल्यावर खाली शेपूट सापडलं, मागचे पाय सापडले, मधलं सगळं चिंधड्या. रश्श्यात टाकायला चमचाभर मांस उरलं नाही. त्यानं ते पालापाचोळ्याखाली दडपलं आणि कुणी पाहत तर नाही ना म्हणून चारी बाजूंना पाहिलं. खाटीक हा शब्द त्याचा स्वतःचाच होता.

रविवारी प्रार्थनेनंतर तो ओलीटाकडे गेला. वाटेत बोलायचं सगळं घोकून ठेवलं होतं: 'होबार्टच्या हातची वस्तू जवळ असावीशी वाटते.' हावरटपणा झाकायला एवढं पांघरूण पुरेल असा त्याचा हिशेब. पितळी पिस्तूल टेबलावर ठेवून त्यानं ते वाक्य म्हटलंही. ओलीटानं काही न विचारता दुसरं काढून समोर ठेवलं.

डॉर्सीनं ते उचललं. डाव्या हातानं उचललं, कारण तो डावखुरा. मूठ तळव्यात जाऊन बसली. अंगठ्याच्या बुडाशी खळगा होता, बोटांना उतार होता. त्यानं पिस्तूल वळवून पाहिलं. अशा पिस्तुलांचा घोडा नळीच्या उजव्या अंगाला असतो. याचा डाव्या अंगाला होता. होबार्ट सगळं उजव्या हातानं करायचा.

"दोन हिवाळे लागले," ओलीटा म्हणाली. "दहा मिनिटं कानस चालवायचा नि तासभर धापा टाकायचा. मी म्हटलं, सांगून टाक ना त्याला. म्हणाला, सांगायचं नाही. हातात घेतल्या घेतल्या ओळखेल तो."

डॉर्सीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं पिस्तूल परत टॉवेलावर ठेवलं.

"मी खोटं बोललो, ओलीटा. आठवण-बिठवण काही नव्हती. चकाकतं ते उचललं मी. खारीच्या चिंधड्या झाल्या म्हणून आलोय."

"ते कळलं मला."

"आणि तो आजारी असताना... कुंपण वगैरे सगळी थाप होती. त्याला तसं बघायची हिंमत नव्हती माझ्यात. त्या खोकल्याला भ्यायचो मी."

"तेही ठाऊक होतं आम्हाला." ओलीटानं पिस्तूल त्याच्याकडे सरकवलं. तिचा आवाज कडक नव्हता. असता तर बरं झालं असतं. "पलंग खिडकीशी होता ना त्याचा. तुझी गाडी फाटकापर्यंत यायची, थांबायची, वळून परत जायची. कितीदा तरी. मला इतका राग यायचा, वाटायचं जाऊन गाडीच्या काचा फोडाव्यात. तो मला हात धरून बसवायचा. म्हणायचा, 'ओरडू नकोस गं त्याच्यावर. फाटकापर्यंत तरी येतोय बिचारा.'"