एक पाहुणी, एक रात्र

आमच्या सईआत्याने बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा एकटीने प्रवास केला आणि त्याची शिक्षा ती अजून भोगते आहे. शिक्षा देणाऱ्यांत मीही आहे, हे आधीच सांगून टाकते.

चेन्नईत तिरुवल्लिकेणीत, कोविलामागच्या, म्हणजे देवळामागच्या गल्लीत आमचं घर. तंजावरकडची मराठी माणसं आम्ही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची, बालाजीरावांची, थोरली बहीण. तिचं लग्न कुणी मोडलं नाही; ते जुळवायला कुणाला सवडच झाली नाही. आजी एकोणीस वर्षं अंथरुणावर होती आणि त्या एकोणीस वर्षांत आत्या ऊन जेवण क्वचितच जेवली असेल. सगळ्यांचं वाढून झालं की ओट्याशी उभ्याउभ्या जे उरेल ते खायचं, ही तिची पंगत.

आजीचं वर्षश्राद्ध उरकलं आणि आत्या म्हणाली, "मला गोदावरी पाहाची आहे. एकटीच जातें." वडिलांच्या हातातला पेपर खाली आला. पण आजोबांच्या रेल्वेच्या पेन्शनीतलं तिचं स्वतःचं असं काहीतरी येत होतं, त्यामुळे नाही म्हणायला तोंड नव्हतं. मी तिच्या फोनवर खोली बुक करायचं अॅप टाकून दिलं, तारीख कशी निवडायची, 'एक पाहुणी' कुठे लिहायचं ते शिकवलं. नाशकात नदीजवळ काही मिळेना, म्हणून शहराबाहेरचं एक घरगुती निवास मी पसंत केलं. ते द्राक्षमळ्यांत होतं आणि चारही बाजूंना वाइनचे कारखाने होते, हे ती पोचल्यावर कळलं. "काशी करायला पाठवली अन् दारूच्या गावी उतरवली!" वडील माझ्यावर खेकसले.

आत्या मात्र गोदावरीवर एकदाच गेली. उरलेले तीन दिवस ती मळ्यांतून हिंडली. संध्याकाळी फोन यायचा. आई भाजी चिरता चिरता तो स्पीकरवर लावायची आणि आम्ही हसायचो. घड हाताला लागतील इतके खाली लोंबतात म्हणे. एका कारखान्यात तिला पेला दिला, तो तिने नुसता हुंगला. "चिंचेचं पाणी आंबलं की येतो तसा वास ग. तरी लोक डोळे मिटून पितात!"

मग तिसऱ्या दिवशी तिने नाश्त्याचं सांगितलं. ऋजुता म्हणून त्या घराची मालकीण होती. रोज सकाळी ती आत्याला पडवीत खुर्चीवर बसवून पुढे ताट आणून ठेवायची. आत्या उठून ताट धुवायला निघाली, तर ऋजुताने ते हातातून काढून घेतलं. "आणि विचारते काय, नंदिता, 'काकू, आणखी काय देऊ?' म्हणून. मला काही सुचेचना. कां म्हणजे, हे मला कोणी विचारलंच नाही आजवर." आम्ही हसायचे थांबलो. तेवढी लाज होती.

आईची विळी मात्र वेगळ्याच कारणाने थांबली. "अक्का," ती फोनकडे वाकून म्हणाली, "एका खोलीचे एवढे पैसे मिळतात होय? नुसते पोहे घालून?" आणि मग लगेच, "तुमची खोली मी रंगवून घेते. तुम्ही यायच्या आत."

आत्याला वाटलं, आपल्यासाठी. ऋजुतालाही तिने अभिमानाने सांगितलं, माझी भावजय माझी खोली रंगवते आहे. मला खरं काय ते माहीत होतं. रंग मीच निवडला होता.

ती परतली तेव्हा रस्त्याकडच्या तिच्या खोलीत नवा पलंग होता, पांढऱ्या चादरी होत्या, आणि तिची ट्रंक स्वयंपाकघराच्या दाराशी होती. "अक्का, तुझीच आयडिया!" वडील मोठ्याने म्हणाले, खूष होऊन. ते दुष्ट नाहीत. त्यांना खरोखरच तसं वाटलं. आत्याने पिशवीतून ऋजुताने दिलेली मनुकांची पुडी काढली आणि आईच्या हातात ठेवली. त्या दिवसापासून ती ट्रंकेशेजारी चटई टाकून निजते.

त्याच अॅपवर खोलीची जाहिरात मी लिहिली. मरीना बीच चालत सहा मिनिटं, शांत गल्ली, आणि 'पाट्टीच्या हातचा तंजावर मराठी नाश्ता'. पाट्टी म्हणजे आजी. जिला मूल झालं नाही, नवरा झाला नाही, तिला मी एका ओळीत जगाची आजी करून टाकलं. पाहुणे येऊ लागले. क्रिकेटच्या सामन्याला येणारे, देवदर्शनाला येणारे, कधी पाठीवर सॅक घेतलेल्या एकट्या मुली. आत्या पहाटे उठून इडल्या, दह्यातली डांगर पच्चडी, गोड पोळी करायची, ताट पुढे ठेवायची आणि विचारायची, "आणखी काय देऊ?" एका मुलीने लिहिलं, सगळं छान, फक्त पाट्टी शेवटच्या घासापर्यंत समोर उभी राहून बघतात, अवघडल्यासारखं होतं. आईने आत्याला ते वाचून दाखवलं आणि आत जाऊन उभं राहायला सांगितलं.

गेल्या महिन्यात एका सकाळी ऑफिसला निघायच्या आधी माझ्या फोनवर बुकिंग आलं. मंगळवार, एक रात्र, एक पाहुणी. नाव सईबाई. खाली निरोपाच्या जागी मोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं, नाश्त्याला काहीही चालेल, फक्त ताट पुढे आणून द्यावे. पैसे भरलेले होते.

मी फोन आईपुढे धरला. आई आधी हसली. मग तिने स्वयंपाकघराकडे पाहिलं, तिथे आत्या मिक्सरमध्ये चटणी वाटत होती, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "काहीतरीच वेड. अक्का खुर्चीवर बसल्या तर करणार कोण?"

मी करू शकले असते. मला इडल्या येतात. मंगळवारी खोली मोकळीच होती. पण मी आठ महिने त्या खोलीच्या जिवावर आईकडून नवा फोन, गोव्याची सहल असं काय काय उकळलं होतं, आणि मला वाद नको होता. मी 'रद्द करा' दाबलं. कारण विचारलं, तर 'खोली उपलब्ध नाही' निवडलं. मंगळवारी ती रिकामीच राहिली.

ओट्यावर आत्याचा फोन वाजला. तिने मिक्सर बंद केला, पदराला हात पुसले, चष्मा लावून वाचलं. दोनदा वाचलं. फोन पालथा घातला. मग माझं ताट वाढून आणलं, माझ्यापुढे ठेवलं आणि तिथेच उभी राहिली.

"नंदिता," ती म्हणाली, "आणखी काय देऊ?"

मी चटणी मागितली.