पाहुणा जेवतोय तोवर

शेजारचा चिनी म्हातारा मला पहिल्यांदा दिसला तो माझं पार्सल छातीशी धरून त्याच्या दारात उभा असलेला. कॉव्हेंट्रीत मी भाड्याने राहतो ती एकाला एक चिकटलेल्या घरांची लांबलचक रांग आहे. मी ऑफिसात असलो की डिलिव्हरीवाला माझी पार्सलं खुशाल त्यांच्याकडे देऊन जायचा. थँक यू म्हणून मी निघणार, तेवढ्यात आतून त्याची बायको आली. तिने मला आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं, "यू ईट ऑलरेडी?"

या देशात येऊन मला बरीच वर्षं झाली होती. लोकांनी मला हवामानाबद्दल विचारलं होतं, व्हिसाबद्दल विचारलं होतं, मूळचा कुठला हे तर उठता-बसता विचारलं होतं. जेवलास का, हे कुणी विचारलं नव्हतं. मी नागपूरचा माणूस. आमच्यात या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं. पोटात कावळे कोकलत असले तरी 'हो, जेवलो' म्हणायचं. मी तेच म्हणालो. तिने ते माझ्या आईने ऐकलं असतं तसंच ऐकलं, म्हणजे ऐकलंच नाही, आणि मला आत नेऊन बसवलं.

चायनीज म्हणजे काय ते मला पक्कं ठाऊक होतं. नागपुरात रस्त्यावरच्या गाडीवर लालभडक मंच्युरियन खाऊनच मी इंजिनिअर झालो. त्या टेबलावर त्यातलं काहीही नव्हतं. कोहळ्याचं पातळ सूप, अंडं घालून परतलेलं कारलं, आलं आणि कांद्याची पात पसरलेला वाफेवरचा मासा, आणि भात. सगळं फिकं, गरम आणि इतकं नेमकं शिजलेलं की तिखटाची आठवणही झाली नाही. नागपूरकराने हे लिहून द्यायचं म्हणजे केवढी नामुष्की! नंतर कळलं, त्या दोघांनी आयुष्यभर गावात टेकअवे चालवला होता. तिथे चिप्स आणि गोडमिट्ट चिकन विकलं आणि घरी त्याला कधी हात लावला नाही. म्हाताऱ्याचं इंग्रजी त्या काउंटरपुरतंच होतं. प्रत्येक गिऱ्हाईकाला बॉस म्हणायची त्याची सवय, म्हणून मीही बॉस.

त्या दिवशीची एक गोष्ट मात्र मी चवीआधी पाहिली. सगळे पदार्थ मधोमध होते आणि तिघंही त्यातूनच घेत होतो. म्हाताऱ्याने स्वतःच्या, तोंडात घातलेल्या काड्यांनी माशाच्या गालाचा मऊ तुकडा काढला आणि माझ्या भातावर ठेवला. माशातला तो सगळ्यात चांगला घास, तो पाहुण्याचा, असं त्याच्या बायकोने सांगितलं. पुण्यात पुढचं शिकत असताना मी एका घरी पैसे भरून जेवत असे. त्या काकू फार गोड बोलायच्या. एकदा माझं ताट मीच घासायला घेतलं तेव्हा मला त्याच्या बुडाला नेलपॉलिशचा ठिपका दिसला. इतरांच्या ताटांना नव्हता. माझं आडनाव त्यांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं. मी तिथे वर्ष संपेपर्यंत जेवलो, कारण मेस महाग होती. तेव्हापासून कुणाच्याही घरी जेवायला बसलो की मी आधी भांडी बघतो. या घरात बघण्यासारखं काही नव्हतं, आणि त्याचा मला इतका आनंद झाला की रडू येईल असं वाटलं.

मग दर रविवारी दुपारी म्हाताऱ्याची बायको भिंतीवर टकटक करायची आणि मी जायचो. आमचा एक घोळ मात्र कायम चालायचा. 'खाऊन माजावं, टाकून माजू नये' हे माझ्या अंगात मुरलेलं, त्यामुळे मी वाटी चाटूनपुसून रिकामी करायचो. तिच्या हिशेबी रिकामी वाटी म्हणजे पाहुणा उपाशी. ती पुन्हा भरायची. मी पुन्हा संपवायचो. मी आमच्या संस्कारांपायी खात होतो आणि ती तिच्या संस्कारांपायी वाढत होती, आणि दोघांनाही वाटायचं की समोरच्याला आवरायला हवं. म्हातारा हे बघून हसायचा, पण त्याच्या काड्या चालूच असायच्या. मी थांबेपर्यंत तो कधी थांबला नाही.

माझी बायको आणि मुलगी नागपुरात. फोनवर बायको विचारायची, "काय जेवले मग आज?" मी सांगितलं की म्हणायची, "तुमची मजा आहे बाप्पा. आम्ही इथं वरण-भात खाऊन राहिलो." मजा होती खरी. आठवड्यातली ती एकच होती.

हिवाळ्याच्या तोंडावर, शेजारीण आणि मी आपापले कचऱ्याचे डबे फुटपाथवर ओढत असताना, तिने मला सांगितलं. स्वतःच्या छातीवर मधोमध बोट ठेवलं आणि म्हणाली, "हसबंड. कॅन्सर हिअर. डॉक्टर से, नथिंग डू." मग डब्याचं झाकण नीट लावलं आणि आत गेली. म्हाताऱ्याचं जेवण कमी झालेलं माझ्या लक्षात आलं होतं, पण वय झालं की होतंच, असं मी धरून चाललो होतो.

आता मी काय केलं, तर आमच्याकडे कुणीही शहाण्या माणसाने केलं असतं ते. आजाऱ्याच्या घरी भेटायला जावं, जेवायला बसू नये. फळं न्यावीत, पाच मिनिटं टेकावं, चहाही नको म्हणावं आणि उठावं. त्या घरातल्या बाईला आपल्यासाठी चूल पेटवायला लावणं म्हणजे निव्वळ निर्लज्जपणा. उलट आपण डबा न्यायचा. पुढच्या रविवारी टकटक झाली तेव्हा मी मुगाची आसट खिचडी घेऊन गेलो, दारातच तिच्या हातात दिली आणि म्हणालो, "प्लीज, डोन्ट कुक फॉर मी." तिने दार आणखी उघडलं. आत टेबल मांडलेलं दिसत होतं. टेबलाशी म्हातारा स्वेटर घालून, केस चापूनचोपून विंचरून बसला होता. त्याने हात वर केला. मीही हात वर केला आणि परत आलो. फार चांगलं वागलो, असं मला वाटलं. पुढचे काही रविवारही मी असाच चांगला वागलो.

मग एका संध्याकाळी त्यांची मुलगी दारात आली. ती ग्लासगोला डॉक्टर आहे, माझ्याच वयाची असेल. माझे डबे धुऊन, कोरडे करून तिने परत आणले होते.

"आमच्याकडून तुमचा काही अपमान झाला का?" तिने विचारलं. तिचं इंग्रजी अस्सल इथलं, मिडलंड्सचं.

मी चक्रावलो. म्हणालो, "अहो, उलट. घरात एवढं आजारपण, त्यात माझा त्रास कशाला?"

ती माझ्याशी फारच सावकाश बोलली, पेशंटच्या नातेवाइकांशी बोलत असेल तशी. "डॅडना भूकच नाही. गिळताना दुखतं. आई पुढ्यात वाढते, ते 'नंतर' म्हणतात. मी ओरडते, मला पण 'नंतर'. पण पाहुणा जेवत असताना यजमानाने काड्या खाली ठेवणं म्हणजे त्यांच्या लेखी पाहुण्याला ऊठ म्हणणं. ते त्यांच्याच्याने होत नाही. तुम्ही जेवत असलात की ते जेवतात. आठवड्यात तेवढंच नीट जेवतात. तुम्ही येईनासे झाल्यापासून तेही बंद झालंय."

"मग याने ते बरे..." मी विचारू लागलो.

"नाही," ती म्हणाली. "बरं होण्याचा प्रश्न नाही. मी आईला सांगून थकले. तिला वाटतं, खातायत तोवर आहेत."

ती गेल्यावर मला राग आला हे कबूल करतो. मला वाटलं होतं मी त्यांना आवडतो. आणि मी निघालो अनुपान! कडू औषध घशाखाली उतरावं म्हणून मध चाटवतात, तो मध. माझ्या जागी गॅसचं मीटर बघायला येणारा बसवला असता तरी चाललं असतं. त्या तिरीमिरीत मी भांडी घासली, कपडे वाळत घातले. मग हळूहळू राग उतरला. पाहुणा म्हणून माझं कूळ-मूळ न विचारता मला बसवलं होतं, याचाच तर मला एवढा आनंद झाला होता. आता कुणीही चाललं असतं म्हणून रडायचं, हे कुठलं शहाणपण?

रविवारी टकटक व्हायची मी वाट पाहिली नाही. मीच गेलो. तिने दार उघडलं आणि माझा कोट काढून घेतला.

त्यानंतर मी हळू जेवायला शिकलो. शाळेपासून होस्टेलवर वाढलेल्या माणसाला हे सोपं नाही. तिथे जो सावकाश जेवला त्याची पोळी गेली. मी भाताचं एकेक शीत उचलायचो. माशाचे काटे नसलेल्या जागीही काटे शोधायचो. मध्येच ऑफिसची एखादी निरर्थक गोष्ट सांगायचो, जी म्हाताऱ्याला कळत नसे आणि मलाही नीटशी कळलेली नसे, पण काड्या माझ्या हातातच असायच्या. समोर तोही रेटत राहायचा. त्याच्यासाठी ती भाताची पेज करायची, आपण तापात देतो तशीच, फक्त आल्याचे बारीक तुकडे घातलेली. वाटी तोंडाशी नेऊन काड्यांनी एक घोट आत ढकलला की तो डोळे मिटून थांबायचा, घास उतरेपर्यंत टेबलाची कड धरून ठेवायचा आणि मग माझ्याकडे बघून म्हणायचा, "ईट, बॉस, ईट." ती माझ्या वाटीकडे बघायची, मग त्याच्या. त्याच्या वाटीत किती उरलं यावर तिचा तो आठवडा ठरायचा. तो आता थोड्याच दिवसांचा सोबती होता, आणि एका वाटीने ते काही बदलणार नव्हतं. मला ते माहीत होतं. त्यांच्या मुलीला माहीत होतं. म्हाताऱ्याला तर आम्हा सगळ्यांच्या आधीपासून माहीत असावं.

माझ्या बायकोला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "त्या माणसाचे हाल करून राहिले तुम्ही दोघं मिळून." मी तिच्यावर चिडलो. ती तिकडे सात हजार किलोमीटरवर बसून बोलत होती म्हणून चिडलो, की ती बरोबर होती म्हणून, हे मला तेव्हा ठरवायचं नव्हतं.

मार्चमधल्या एका रविवारी गेलो तेव्हा त्याला उशांच्या आधाराने खुर्चीत बसवलं होतं. स्वेटरचा गळा मानेभोवती मोकळा झाला होता. केस तसेच विंचरलेले. नर्स सकाळी येऊन औषध देऊन गेली होती आणि त्याचे डोळे जड होते, पण मी बसल्यावर त्याने काड्या उचलल्या. मीही उचलल्या. ती माझ्या वाटीत वाढत होती, भात, टोफू, मासा.

थोड्या वेळाने माझं त्याच्या हाताकडे लक्ष गेलं. हात वाटीकडे जात होता, काड्या पेजेला टेकत होत्या, ओठांपर्यंत येत होत्या आणि परत जात होत्या. त्यांच्या टोकांना काहीच नव्हतं. तो चावत होता, थांबत होता, गिळल्यासारखं करत होता. पेजेची पातळी तसूभरही हलली नव्हती, वर साय धरली होती. त्याच्या कपाळावर घाम होता. मी त्याच्या बायकोकडे पाहिलं. तिलाही ते दिसत होतं. ती त्याच्याकडे पाहत होती आणि मान डोलावत होती, लहान मूल नीट जेवतंय म्हणून आई डोलावते तशी.

मी जेवतोय तोवर या माणसाला हे करावं लागणार होतं. मग मी होस्टेलवर जेवायचो तसा जेवलो. भराभरा वाटी संपवली, काड्या त्या वाटीवर आडव्या ठेवल्या आणि पोटावर हात फिरवून म्हणालो, "फुल. व्हेरी फुल. थँक यू."

त्याने ताबडतोब काड्या खाली ठेवल्या. मी बसल्या क्षणापासून तो याचीच वाट बघत असावा. हात मांडीवर पडले, डोकं उशीला टेकलं, डोळे मिटले. इतक्या महिन्यांत त्या टेबलाशी मी त्याला विसावलेला पाहिला नव्हता.

ती उठली. मला वाटलं, आता भांडी आवरेल. ती माझ्या बाजूने आली, माझी वाटी उचलली आणि भाताने शिगोशीग भरली. वर माशाचा तुकडा ठेवला. दोन शितं टेबलावर सांडली. वाटी माझ्यासमोर ठेवून ती म्हणाली, "प्लीज." एवढ्या रविवारांत तिने मला खा, खा असं शेकडो वेळा म्हटलं होतं. प्लीज कधी म्हटलं नव्हतं.

मी तिच्याकडे पाहिलं आणि मला 'नाही' म्हणता आलं नाही. काड्या हातात घेतल्या. त्यांचा वाटीच्या कडेवर बारीकसा आवाज झाला. म्हाताऱ्याने डोळे उघडले, पाहुणा जेवतोय हे पाहिलं, आणि टेबलावर चाचपडत स्वतःच्या काड्या शोधू लागला.