रिकामं विमान जास्त हादरतं

विमान-देखभालीच्या कोर्सच्या शेवटच्या तोंडी परीक्षेत मी एकदा सपशेल आपटले होते. आता ही दुसरी आणि अखेरची संधी. नापास झाले असते तर दापोड्याच्या गोडाऊनमध्ये पार्सलांवर स्टिकर चिकटवायची नोकरी ठरलेलीच होती. वडिलांनी तिथल्या सुपरवायझरला शब्द देऊन ठेवला होता. त्या नोकरीचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरायचं.

परीक्षकांनी विचारलं, "एक विमान भरलेलं, दुसरं तसंच पण जवळजवळ रिकामं. वेग सारखाच. खालून हवेचा सारखाच झोत आला, तर जास्त कोण हादरेल?"

माझ्या आधी आत जाऊन आलेली मैत्रीण कानात सांगून गेली होती, "भरलेलं म्हण. वजन जास्त, ताण जास्त." मीही तेच म्हणणार होते. पण हादरणं म्हणजे काय हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

वडील गोडाऊनचा माल पोचवून रिकामा टेम्पो घेऊन अंजूरला घरी परतायचे. आमच्याकडच्या खड्ड्यांतून भरलेला टेम्पो डुलत जातो, रिकामा मागून उडतो. म्हणून शाळा सुटली की ते आम्हा पोरींना मागे फुकट बसवून घ्यायचे. "चला, वजन व्हा," म्हणायचे. दोघीच असलो की घरी पोचेपर्यंत हाडं खिळखिळी व्हायची.

"रिकामं," मी म्हणाले. "झोताचा जोर दोघांवर साधारण सारखाच. हलकं विमान जास्त उसळणार. इंजिन ज्या जोडण्यांवर बसवलंय, त्यांना झटका जास्त बसणार."

"म्हणजे वजन वाढवावं?" सापळा लावल्यासारखे ते हसले.

"अजिबात नाही. जड विमानाचे पंख आधीच जास्त भार तोलत असतात, त्यात झोताची भर पडते. मर्यादा पाळायचीच. आणि खराब हवेत दोघांनीही वेग बेताचा ठेवायचा."

त्यानंतर मी सुटलेच, पुढच्या प्रश्नांची उत्तरं धडाधड दिली. दुपारी निकाल लागला तेव्हा मी व्हरांड्यात चक्क नाचले. शिपाई बघत होता, बघू दे म्हटलं. इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

वडिलांना फोन लावला. "पास झाले."

ते म्हणाले, "आता त्या सुपरवायझरचं काय?"

"सांगा त्याला, पोरगी येत नाही."

"मी कशाला सांगू? त्याच्यासमोरच उभा हाय. फोन स्पीकरवर टाकतो, तूच सांग. जरा मोठ्यानं सांग, सगल्या गोडाऊनला ऐकू येऊ दे."