शेठच्या जीपमधून आलेली मतं

गुरुजी कायम दमलेले असत. माणूस दिवसभर राबून संध्याकाळी दमतो. हे सकाळी प्रार्थनेलाच दमून उभे असायचे. कुठंही गेले की आधी बसायला जागा शोधायची, गुडघ्यांवर हात ठेवून सावकाश खाली बसायचं आणि म्हणायचं, "जरा टेकतो." शाळेची पायरी, एसटीच्या थांब्यावरचा दगड, कुणाचाही ओटा, काहीही चाले. हायस्कूलचे सर असूनही सगळे त्यांना गुरुजीच म्हणत. मी तिथं नव्यानं लागलेली विज्ञानाची बाई. मला वाटे, हा माणूस रिटायर होईपर्यंत तरी टिकतो की नाही!

टिकले. टिकले ते टिकले, वर रिटायर झाल्यावर निवडणुकीला उभे राहिले.

आमची शाळा म्हणजे मंचरकडच्या एका शिक्षणसंस्थेची डोंगरातली शाखा. भीमाशंकरच्या वाटेला, भातखाचरांच्या मधोमध, आठवी ते दहावीचे वर्ग. ती गुरुजींनीच उभी केलेली. वाड्यावस्त्या पालथ्या घालून त्यांनी घरटी एक माणूस संस्थेचा सभासद केला, त्या माणसांनी दगड वाहिले, तेव्हा कुठं भिंती उठल्या. पुढं पोरं कमी झाली आणि संचालक मंडळात शाखा बंद करायची भाषा सुरू झाली. म्हणे खालच्या मोठ्या शाळेत पाठवा. मुलगे गेलेही असते, पाहुण्यांकडं राहून. मुलींना कोण पाठवणार? सातवी झाली की त्या रानात हिरडे गोळा करणार आणि मग लग्न. अशात मंडळाची निवडणूक लागली. गुरुजी म्हणाले, "बाई, आत बसून बोलल्याबिगर कुणी ऐकायचं न्हाई. उभा राहतो." आणि लगेच बाकावर बसले.

समोर उभे होते शेठ. मंचरच्या मार्केटात कांदा-बटाट्याचा व्यापार, जिभेवर साखर, आणि शाखा बंद करा म्हणणाऱ्यांत पहिला आवाज त्यांचाच.

गुरुजींसारखा प्रचार मी जन्मात पाहिला नाही. रविवारी मीही बरोबर जायचे. गुरुजी घरात शिरले की टेकायचे, पाणी प्यायचे, म्हैस कधी व्यायली ते विचारायचे, पोराकडून पाढे म्हणवून घ्यायचे आणि उठायचे. बाहेर आल्यावर मी चिडायचे, "अहो, मताचं बोललाच नाहीत!" यावर शांतपणे म्हणायचे, "त्यांना म्हाईत हाय की, बाई."

त्यांच्या शिकवण्यातलं एक मात्र सगळ्या डोंगराला पाठ होतं. शाळेच्या पहिल्या तुकडीची सहल भीमाशंकरला गेली होती. एका घरी पोरं जेवली आणि परतीच्या वाटेवर आमटी पाणचट होती म्हणून खिदळायला लागली. दमलेल्या गुरुजींनी सगळी पलटण मागं वळवली, चढ पुन्हा चढायला लावला आणि त्या घरच्या बाईच्या पाया पडायला लावलं. "ज्याचं अन्न पोटात हाय, त्याच्या इरोधात जायाचं न्हाई. निदान ते जिरेपत्तूर तरी." त्या पलटणीत कोंडाजी होता. आता त्याचीच मुलगी जाई सातवीत होती, म्हणजे शाखा राहिली तर जूनमध्ये आमच्याकडं येणार होती.

मतदान खाली, मोठ्या शाळेत, रविवारी. आदल्या दिवशी कोंडाजी विचारायला आला, "गुरुजी, यायाचं कसं? ऐतवारी यष्टी नसती."

"शेठच्या जीपा येनार हायेत नव्हं? बसा त्यात. मत काय जीपमधी द्यायचं असतंय?"

मी तर हसलेच. शेठच्या डिझेलवर आमची मतं येणार! शेठला बनवल्याचा आनंद मला रात्रभर पुरला.

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी मतमोजणी झाली आणि गुरुजी पडले. थोडेथोडके नाही, सडकून. डोंगरानंच त्यांना पाडलं होतं. शाळेच्या ओट्यावर ते बसले होते, मी शेजारी. कोंडाजी टोपी हातात घेऊन समोर आला.

"गुरुजी, मत तुमाला न्हाई दिलं."

"का रं?"

"जीप वाटंत शेठच्या घरी थांबली. मासवडीचं जेवान व्हतं. लई आग्रह केला. त्यांचं अन्न पोटात, अन् मत त्यांच्या इरोधात कसं द्यायचं? तुमीच शिकिवलंय. समदी तेच बोलली."

मी भडकले. "अरे, जाईची शाळा जाईल!"

"म्हाईत हाय, बाई. तोंड लपवून घरी ग्येलो न्हाई, म्हनून तर हितं आलो."

गुरुजींनी गुडघ्यांवर हात ठेवले. मग म्हणाले, "जरा टेकतो." बसलेलेच होते.

जूनमध्ये शाखेला कुलूप लागलं. मला मोठ्या शाळेत घेतलं, जाई घरी राहिली. नवा तांदूळ निघाला तसं कोंडाजीनं एक पोतं खाली आळे गावात गुरुजींच्या घरी आणून टाकलं. पुढच्या सालीही आणलं. गुरुजी त्यातला दाणा शिजवू देत नसत. गुरुजींच्या घरच्या काकू माझ्याकडं कुरकुरायच्या, तांदळाला किडे लागले, शेवटी शेजारीपाजारी वाटून टाकते म्हणायच्या. मी गुरुजींना विचारलं तर म्हणाले, "खाल्लं तर त्याच्यावर रागावता यायचं न्हाई, बाई. अजून रागवायचंय."

शाखा असती तर जाई दहावीला बसली असती, त्या वर्षी मी एकदा आळ्याला गेले होते. तेवढ्यात कोंडाजी आला. जाईच्या लग्नाचं आवतण द्यायला. मुलीचं वय काय, करतोस काय, असं मी तोंडाला आलेलं सगळं बोलून घेतलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. गुरुजींनी आत हाक मारली, "अगं, भात टाक. ह्याच्याच पोत्यातला."

मी त्यांच्याकडं वळले. "आता रागवायलासुदिक दमलो, बाई," ते म्हणाले.

दोघं समोरासमोर बसून जेवले. कोंडाजी रडत जेवत होता, गुरुजी त्याच्या ताटात वाढत होते. मला फार भूक लागली होती, पण मी उपास आहे म्हणून सांगितलं.

त्याच हिवाळ्यात गुरुजी गेले. शेठ अजून मंडळावर आहेत. बैठकीला आले की सगळ्या शिक्षकांना स्वतःच्या हातानं चहा देतात. माझ्यासमोरचा कप तसाच गार होतो. बाईंना पित्ताचा त्रास आहे, असं शेठच सगळ्यांना सांगतात. मी सांगू देते.