डोहात सोडलेले मांगूर

माझ्या उजव्या अंगठ्यावर, नखाच्या बुडाशी, तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी खूण आहे. गल्लीबाहेरच्या कुणी विचारलं की सुई टोचली म्हणून मी सांगत असे. ती सुई नव्हती, मांगराचा काटा होता. ज्या घरात कांदासुद्धा उंबरा ओलांडत नाही, त्या घरातल्या बाईला माशाचा काटा कसा टोचला, हे सांगायचं तर स्वतःची अब्रू वेशीवर टांगावी लागेल. टांगते.

मालेगावात वाशिम रस्त्याला आमचं दुकान आहे. दोर, सुतळी, ताडपत्री, झाडू, आणि मासे धरणाऱ्या भोयांना लागतो तो नायलॉनचा धागा. जाळी आम्ही विकत नाही, कारण आम्ही जैन. सासऱ्यांच्या काळापासूनचा हा नियम. धागा विकायचा, जाळं ज्याचं त्यानं विणावं. लग्न होऊन आले तेव्हा मी या नियमाला हसले होते. पुढे मीच गल्ल्यावर बसू लागले, तेव्हा हसू आपोआप थांबलं.

सहा-सात वर्षांपूर्वी आमच्या ह्यांच्या छातीची शस्त्रक्रिया झाली. दवाखान्याच्या बाकावर बसून मी मनाशी बोलले, हे घरी परतले तर दर महिन्याला काही जीव सोडवीन. हे परतले. आमच्यात जीव सोडवणं हे मोठं पुण्य मानतात. कुणी खाटकाच्या दारातून बकरा सोडवतं, कुणी पिंजऱ्यातले पोपट. मला मासे सुचले. गावाबाहेर नदीला एक डोह आहे, भर उन्हाळ्यातही न आटणारा. मासे घ्यायचे, डोहात सोडायचे. स्कूटीवर दहा मिनिटांचं काम.

बाजाराच्या दिवशी मासळीच्या ओळीत मी पहिल्यांदा गेले तेव्हा नाकाला पदर होता आणि डोळे अर्धे मिटलेले. बाजूची भाजीवाली म्हणाली, भाभी बाटल्या वाटते. मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. पाट्यांमधून मासे मांडले होते, नाना तऱ्हेचे, पण सगळे मेलेले. मेलेल्याला काय सोडवणार? शेवटी एका टेम्पोवाल्याकडे निळ्या पिंपात जिवंत मासे मिळाले. काळपट, अंगावर राखाडी डाग, रुंद चपटं डोकं, आणि तोंडाभोवती लांब मिशा. त्यानं सांगितलं, हे मांगूर, हे मरत नाहीत, पाण्याबाहेरसुद्धा हवा पिऊन तासन्‌तास जगतात. मला तर तो शुभशकुनच वाटला. ज्याला जगायचंय त्यालाच वाचवावं.

तेव्हापासून दर महिन्याच्या एका बाजाराला झाकणाची बादली घेऊन मी जायची. एकदा झाकण सुटलं आणि एक मांगूर स्कूटीजवळ माझ्या पायाशी पडला. दुसरी बाई घाबरून ओरडली असती, मी मात्र शूर निघाले. पदरात धरून उचलायला गेले आणि त्याच्या पंखाजवळचा काटा अंगठ्यात गेला. हात खांद्यापर्यंत ठणकत होता. तरी त्याला डोहात सोडलं आणि मगच घरी आले. ही गोष्ट मी गल्लीत चवीनं सांगितली. मग गल्लीतल्या आणखी चार-पाच जणी यायला लागल्या. डोहाकाठी हात जोडलेले आमचे फोटो समाजाच्या ग्रुपवर गेले. खाली फुलं पडली, नमस्कार पडले. खोटं कशाला बोलू, ते फोटो मी पुन्हापुन्हा उघडून बघत असे.

त्या डोहावर एका भोयाचं घर चालायचं. त्याचा बाप, आजा तिथंच जाळं टाकत. माणूस पन्नाशीचा, अबोल, धागा घ्यायला आमच्याकडेच यायचा. धागा घेण्याआधी दातांनी ओढून बघायचा, मग म्हणायचा, हाच द्या. मी कधी विचारलं तर डोहात काय काय आहे ते सांगायचा. टेंगडा, शिंगाळा, मरळ, वाम, बारके झिंगे. त्याच्या तोंडून ती नावं ऐकायला मला आवडायची. मीसुद्धा त्याच डोहात काही जमा करते आहे, हे मात्र त्याला सांगितलं नाही. सोडलेले मासे त्यानं धरले तर? म्हणून आम्ही बायका तो नसायचा अशा वेळेला, दुपारी, जायचो. पुण्य लपवून करावं असं म्हणतात. माझं लपवणं त्यातलं नव्हतं.

तीन वर्षं गेली असतील. एक दिवस तो दुकानात आला, पाठीवर पोतं. पायरीवरच टेकला आणि म्हणाला, "भाभी, डोह मेला."

मी विचारलं, पाणी आटलं का. त्यानं मान हलवली आणि पोत्याचं तोंड उघडलं. आत हाताएवढा लांब मासा होता, पोट चिरलेला. काळपट, राखाडी डागांचा, मिशांचा. पोटात टेंगड्याची बारकी पिल्लं होती, झिंगे होते, बेडकाचा पाय होता.

"हा आपला मांगूर नाई," तो म्हणाला. "आपला हातभर वाढत नाई, गरीब असते. हा परदेसी. सरकारनं बंदी केली याच्यावर. जे दिसन ते खाते. जाळ्यात आता हाच येऊन राह्यला, दुसरं काई नाई. आन्‌ बंदीपाई हा उघड्यावर इकावा त घेत कोनी नाई."

मी माशाकडे पाहत होते. ओळखीचं माणूस मेलेलं दिसावं तसं ते होतं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तोंड उघडायला हरकत काहीच नव्हती. त्यानं विचारलं, "कोनं सोडले असतीन?" मी म्हणाले, काय माहीत. मग त्याचं लक्ष माझ्या अंगठ्याकडे गेलं. काय झालं होतं, त्यानं सहज विचारलं. मी म्हणाले, सुई टोचली होती, जुनी गोष्ट.

तो गेल्यावर मी मोबाइलवर शोधलं. तोच मासा, तेच डाग. बाहेर देशातून आलेला, कोंबड्यांची घाण खाऊन पोसलेला, नदीत सुटला की बाकीच्यांना संपवणारा. आणि मला पहिल्यांदा समजलं की मेलेल्यांना सोडवता येत नाही म्हणून मी दर वेळी बाजारातला जिवंत मासा निवडत गेले, आणि आमच्या बाजारापर्यंत जिवंत पोचणारा मासा तेवढा एकच होता. दया करायची तर आधी जाणून घ्यावं, हे आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकलं होतं. ऐकणं आणि कानात जाणं वेगळं.

जीव सोडवणं मी त्या महिन्यापासून बंद केलं. गल्लीतल्या बायकांना सांगितलं, गुडघे दुखतात; माझ्यावाचून त्यांचंही जाणं थांबलं. एवढ्यावर मी सुटले असते. पण भोयाला डोह कुणी मारला हे कळायला हवं होतं, आणि माझ्या गप्प बसण्यानं त्याला एक नाव सापडलं. त्याचा सख्खा धाकटा भाऊ.

धाकट्यानं शेतात तळं खोदून मासे पाळायला घेतले होते. थोरल्याच्या डोक्यात बसलं की यानंच मांगराचं बी, म्हणजे पिल्लं, आणलं आणि पुरात ते नदीला लागलं. धाकट्यानं लेकरांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. थोरल्यानं ऐकलं नाही. दोघांची बोलाचाली बंद झाली. धाकटा दुकानात आला की रडवेला होऊन सांगायचा, की भाभी, मी रोहू-कटल्याशिवाय दुसरं बी पाण्यात घातलं नाही. मी त्याला पाणी द्यायची. धीर धर म्हणायची. पुराच्या पाण्यानं कुठल्या तरी तळ्यातून मासे आले असतील, माझ्या बादलीनं एवढं होईल का, ही पळवाट मी स्वतःला रोज नवी करून देत होते.

धाकट्याच्या मुलीच्या लग्नाला मी गेले. मांडवात त्यांच्यात मोठ्या बाबांनी, म्हणजे थोरल्या चुलत्यानं, मुलीला बोहल्यावर आणायची रीत आहे. तो आला नाही. घर दोन गल्ल्या पलीकडे. मुलगी मुंडावळ्या सावरत रस्त्याकडे बघत राहिली, मग मामानं तिला आणलं. मी पंगतीत बसले होते, माझ्यासाठी वेगळं, कांदा-लसणाशिवायचं वाढलं होतं, आठवणीनं. लाज वाटली, आणि ती लाज घेऊनही मी गप्पच घरी आले.

पर्युषण संपलं की आम्ही सगळ्यांची क्षमा मागतो. घरच्यांची, शेजाऱ्यांची, गिऱ्हाइकांचीसुद्धा. त्या वर्षी थोरला नेमका त्याच दिवशी धागा घ्यायला आला. माझे हात सवयीनं जोडले गेले, तोंडातून वाक्य निघालं की वर्षभरात जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर क्षमा करा. तो ओशाळून हसला. म्हणाला, "तुमचं काय चुकते, भाभी." आणि गेला. शब्द सगळे बरोबर होते. क्षमा मागितली असं मात्र कुणीही म्हणणार नाही.

पुढचं सगळं वर्ष ते त्याचं हसू मला खात होतं. आमच्या ह्यांना सांगितलं तेव्हा हे म्हणाले, माझ्या जिवासाठी तू केलंस, आता माझ्यासाठीच जाऊन सांग. पुढच्या क्षमापनेला मी दुकान बंद ठेवलं आणि त्याच्या घरी गेले.

तो अंगणात जाळं सांधत बसला होता. बाज टाकली, मी बसले नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. बादली, टेम्पो, दुपारच्या वेळा, फोटो. तुमच्या भावानं काही केलेलं नाही, हे दोनदा सांगितलं. तो सांधतच राहिला. मग माझ्या अंगठ्याकडे बघून म्हणाला, "सुई नव्हती त."

मी हात जोडले, पण यावेळी वाक्य आठवेना. तो म्हणाला, "मले कायले सांगता? पोरीच्या मांडवात मी नव्हतो. त्याले जाऊन सांगा." मी तिथूनच दोन गल्ल्या पलीकडे गेले आणि धाकट्याला सांगितलं. तो माझ्यावर चिडेल असं वाटलं होतं. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. त्याचं रडणं मला शिव्यांपेक्षा जड गेलं.

वैशाखात पाणी कमी झालं तेव्हा दोघे भाऊ एकत्र दुकानात आले. दोन्ही बाजूंनी जाळं ओढून डोह साफ करायचा ठरला होता. धागा घेतला, दातांनी ओढून पाहिला. आणि थोरला म्हणाला, उद्या तुम्हाला यावं लागेल.

मी गेले. डोह कमरेएवढा उरला होता. दोघांनी जाळं काठाला ओढत आणलं आणि चिखलावर एकदम काळी वळवळ झाली. केवढे वाढले होते. पाण्याबाहेर पडूनही मरत नव्हते. पंखांवर जोर देऊन, अंग वळवत, परत पाण्याकडे सरपटत होते. धाकट्याच्या हातात दांडकं होतं. त्यानं भावाकडे पाहिलं, भावानं माझ्याकडे.

"देवाच्या नावानं सोडेल जनावर भोई मारत नाई," थोरला म्हणाला. "हे तुमी सोडेल हाये. तुमी म्हना."

मुंगी चालते म्हणून मी अंगणात पाय बघून टाकते. पाणी गाळल्याशिवाय पीत नाही. ते दोघे वाट बघत होते, घाई करत नव्हते. माझ्यावर सूड घ्यायला त्यांनी बोलावलं नव्हतं, हे मला दिसत होतं. माझ्या पुण्याचा मान त्यांनी ठेवला होता, जेवढा मी त्यांच्या डोहाचा ठेवला नव्हता.

"मारा, भाऊ," मी म्हणाले.

तोंड फिरवून घरी यायचं मनात होतं. पण तसं केलं असतं तर ते पुन्हा माझंच दुपारी गुपचूप जाणं झालं असतं. मी थांबले. दांडक्याचा आवाज ऐकत राहिले. त्यातला एक मांगूर जाळ्यातून निसटून, चिखलात रेघ ओढत, माझ्या चपलेपाशी आला. माझ्यामागे दोन पावलांवर पाणी होतं. मी खाली वाकले, काटा सांभाळून दोन्ही हातांनी तो उचलला, आणि थोरल्याच्या हातात दिला.