निजल्या माणसाचं माप

लग्नात माहेरून मी भांडीकुंडी फारशी आणली नाहीत, पण एक लाकडी गज आणला होता आणि त्याचा मला भारी तोरा होता. पोलीस ॲक्शननंतर परभणीत बायकांसाठी शिवणाचा वर्ग निघाला, त्यात माझा पहिला नंबर आला म्हणून आमच्या बाईंनी तो मला बक्षीस दिला होता. सागवानी, छत्तीस इंचांचा, दोन्ही टोकांना पितळी पत्रा आणि इंचाइंचाला कोरलेली रेघ. सोबत कोपरे काटकोनात आहेत की नाही ते पाहायला एक लहानसा गुण्या. कापड आधी उभ्याआडव्या सुतात सरळ ओढून घ्यायचं, गज ठेवून डाव्या हाताची बोटं पसरून तो दाबून धरायचा, खडूची रेघ एकदाच ओढायची, अर्धा इंच शिलाईला सोडायचा आणि मगच कात्री लावायची. भाजीत मीठ अंदाजानं घाला, पण कापडाला अंदाजानं कात्री लावू नका, असं बाई सांगायच्या. मी ते इतकं मनावर घेतलं होतं की दुसऱ्या कुणी अंदाजानं कापड फाडलेलं दिसलं की माझं डोकं फिरायचं.

सासर पिंगळी स्टेशनाच्या पलीकडे, गाडीवाटेनं तासभर आत. घरी सासूसासरे आणि मी. नवरा पूर्णा जंक्शनावर नोकरीला, रविवारी यायचा. जमीन होती, पण फार नाही, आणि सासरे ती स्वतः कसायचे. सासरे अंगानं उंच होते, घराच्या दारातून आत यायला त्यांना वाकावं लागे. सासूबाई मात्र अगदी लहानखुऱ्या, माझ्या खांद्याला लागायच्या. आणि वाकळा शिवायच्या त्या अशा की गावातल्या बायका टाका बघायला यायच्या.

वाकळ म्हणजे गोधडी. जुनी लुगडी, धोतरं धुऊन त्यांचे थर घालायचे आणि वर चौकोनी तुकडे जोडायचे. सासूबाईंचं माप त्यांच्या अंगावरच होतं. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत त्यांचा एक हात, तसे चार हात लांबी. चौकोन वीतभराचा. हे सगळं बघून मी मनात नाकं मुरडायची. तोंडावर बोलायची हिंमत नव्हती, पण माझा चेहरा काही गप्प बसणाऱ्यातला नव्हता, त्यांना कळत असणारच.

पहिल्याच हिवाळ्यात एक दिवस पहाटे सडा टाकायला बाहेर आले तर ओसरीवर सासरे झोपलेले. गुडघे पोटाशी घेऊन, कुशीवर, वाकळ तोंडावरून ओढलेली. तरी पाय बाहेरच. आणि त्या पायांना त्यांनी काय गुंडाळलं होतं, तर डोक्याचा पटका.

मी बादली तिथंच ठेवली आणि आत आले. नको ते बघितलं असं वाटलं. हा पटका बांधून ते पारावर बसत, तंटे मिटवत, लोक त्यांना वाकून राम राम करत. आणि रात्री तो पायाला. थोड्या वेळानं फटीतून पाहिलं तर ते उठून बसले होते. पटका सोडला, दोनदा झटकला, नीट चुण्या घालून डोक्याला बांधला आणि बैलांकडे गेले. हे रोजचंच असावं, कारण त्यांच्या हातांना सवय दिसत होती. सासूबाई आत माजघरात झोपायच्या, त्यांना याचा पत्ता नव्हता.

रविवारी नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. बाबा पहिल्यापासून तसेच मुटकुळं करून झोपतात, त्यांना तशीच झोप लागते, म्हणाला. मला राग आला. पण सासूबाईंना सांगणं त्याहून अवघड होतं. वाकळ आखूड आहे असं म्हणणं म्हणजे त्यांचा हातच आखूड आहे असं म्हणणं. आणि पटक्याचं तर तोंडातून काढायची सोय नव्हती. तेव्हा मी ठरवलं की काही न बोलता एक वाकळ शिवायची, सासऱ्यांच्या मापाची. ते एकदा पांघरूण अंगभर आलं की पटका आपोआप डोक्यावर राहील.

आता माप घ्यायचं कसं? सासऱ्यांसमोर मी डोक्यावरून पदर ओढल्याशिवाय जात नव्हते आणि त्यांच्याशी एक अक्षर बोलत नव्हते. त्यांना उभं करून मापणं तर स्वप्नातही नाही. अंदाजानं दोन विती जास्त धरल्या असत्या तर काय बिघडलं असतं? काहीच नाही. पण मग बक्षिसाचा गज कशाला?

दुपारची वेळ होती. सासूबाई पाण्याला गेल्या होत्या आणि जेवण करून सासरे ओसरीवर तरटावर आडवे झाले होते. मी गज घेऊन पाय न वाजवता गेले. ते उताणे, अगदी सरळ निजले होते. त्यांच्या अंगाला लागू न देता मी गज डोक्यापाशी ठेवला, टोकाला अंगठा धरला, गज पुढे सरकवला. दोन गज झाले आणि वर बोटभर उरलं. मला वाटलं, जमलं.

मान वर केली तर दारात सासूबाई, कमरेवर घागर तशीच.

"काय करायलीस गं? कोन मेलंय का घरात? निजल्या मानसाला मोजायलीस तू?"

आमच्या भागात निजलेल्या माणसाचं माप एकदाच घेतात. माणूस गेला की भावकीतला कुणीतरी सुतळी घेऊन येतो, डोक्यापासून पायापर्यंत धरतो, आणि त्या मापानं बाहेर अंगणात तिरडीचे बांबू तोडतात. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. मी काही कुठल्या दूर देशातून आले नव्हते, माझ्या आजोबांचं माप असंच घेतलेलं मी लहानपणी पाहिलं होतं. पण हातात गज आला की मला माणूस दिसायचा नाही, लांबी दिसायची. त्या क्षणी गज हातात धरून मी गुडघ्यावर तशीच राहिले. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं खरोखर वाटलं.

सासूबाईंनी घागर टेकवली आणि मोठ्यानं रडायला लागल्या. शेजारीण धावत आली, तिच्यामागे आणखी दोघीतिघी. का मोजत होतीस, म्हणून सगळ्यांनी विचारलं. कारण सांगावं तर पटक्याचं सांगावं लागणार. चारचौघींत मी सासऱ्यांचा पटका काढणार होते का? मी खाली मान घालून उभी राहिले. एवढ्या गलक्यातही सासऱ्यांनी डोळे उघडले नाहीत. त्या वेळी मला त्याचं बरंच वाटलं.

संध्याकाळी सासूबाईंनी मीठमोहऱ्या घेऊन त्यांची दृष्ट काढली. माझा गज काठीनं ढकलून ओसरीच्या वाशात खोचून टाकला, माझा हात पोचणार नाही असा. दुसऱ्या दिवशी विहिरीवर गेले तर बायका बोलायच्या थांबल्या. एक म्हातारी मात्र थांबली नाही. हिनं सासऱ्याची तिरडी मोजली, शिकलेली हाय, असं तिनं शेजारणीला माझ्यादेखत सांगितलं. घरी येऊन मी चुलीपुढे बसले आणि धुराचं निमित्त करून रडून घेतलं. माहेरी निघून जावं असंही मनात आलं, पण तिथं तरी काय सांगणार होते?

घरात बोलणं बंदच झालं होतं. सासूबाई भाकरी वाढायच्या, पण माझ्याकडे बघायच्या नाहीत. फक्त सासरे खोकले की तेवढ्या वळून माझ्याकडे रोखून बघत. आणि खोकला होताच, कारण थंडी वाढली होती आणि पाय अजून पटक्यातच होते.

मग एका सकाळी सासरे अंघोळ करून आले. पटका बांधला नव्हता, हातातच होता. मी स्वयंपाकघराच्या दाराआड. ते ओसरीच्या खांबाला पाठ लावून ताठ उभे राहिले आणि सासूबाईंना म्हणाले, "तिला गज काढून दे. आन म्हनावं, उभ्याचं माप घे. उभ्याला काय व्हत न्हाई."

सासूबाईंना काही उमगेना. तेव्हा ते हातातल्या पटक्याकडे बघत म्हणाले, "वाकळ आखूड पडती. पाय गारठत्येत. ह्यो गुंडाळतो म्या."

"कवापासून?"

"पयल्यापासून."

सासूबाई उभ्या होत्या त्या खाली बसल्या. मी दाराआडून त्यांचा चेहरा पाहिला आणि नजर काढून घेतली. मला विहिरीवर जी लाज वाटली होती ती काहीच नव्हे, असं त्यांच्याकडे बघून वाटलं. लग्न झाल्यापासून त्यांनी शिवलेली प्रत्येक वाकळ, गावानं नावाजलेली, आणि घरच्या माणसाचे पाय उघडे. त्या हळूच म्हणाल्या, "पाच हात केली आसती की म्या. कुणी सांगावं तर."

एक हात वाढवायचा होता, एवढंच सांगायचं होतं, आणि मी त्यासाठी गज घेऊन चोरासारखी गेले होते.

सासऱ्यांनीच हात वर करून वाशातला गज काढला. माप सासूबाईंनी घेतलं. मी दाराआडून सांगायची, आत्याबाई, गज सरळ धरा, टोकाला बोट ठेवा, आता वर सरकवा. त्यांचा हात डोक्यापर्यंत पोचेना तेव्हा त्या पाटावर चढल्या, तरी पुरेना, मग दोन पाट एकावर एक ठेवले. सासरे समोर बघत शाळेतल्या पोरासारखे उभे.

"दोन गज झाले," सासूबाई म्हणाल्या, "आन वर बोटभर."

तेच माप. आधी मला नुसता आनंद झाला, की माझं चुकलं नव्हतं. मग चूल फुंकता फुंकता लक्षात आलं. जो माणूस इतकी वर्षं गुडघे पोटाशी घेऊन झोपला तो त्या दुपारी इतका सरळ कसा निजला होता? उभ्याचं आणि निजल्याचं माप बोटाइतकंही चुकलं नाही, म्हणजे ते झोपले नव्हतेच. मी गज घेऊन आल्याचं त्यांना कळलं होतं आणि त्यांनी मला माप मिळावं म्हणून पाय लांब केले होते. सुनेनं आपल्याला जागं पाहू नये म्हणून डोळे मिटून घेतले होते. मग सासूबाई ओरडल्या, बायका जमल्या, मला वाट्टेल ते बोलल्या, आणि ते तसेच पडून राहिले.

खरं सांगते, मला त्यांचा फार राग आला. एक शब्द बोलले असते तर? पण राग चूल पेटेपर्यंतच टिकला. एक शब्द मीही बोलले नव्हते. पटक्याचं नाव न काढून मी त्यांची लाज राखली आणि डोळे न उघडून त्यांनी माझी. आणि दोघांच्या राखण्यात सगळी लाज गेली ती सासूबाईंच्या वाट्याला, ज्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

ती वाकळ आम्ही दोघींनी केली. मी सहा इंचांचे चौकोन आखायला बसले आणि सासूबाईंनी आपले वीतभराचे तुकडे फाडून पुढ्यात ठेवले. कोपऱ्याला कोपरा जुळेना. पूर्वीची मी असते तर त्यांचे तुकडे बाजूला केले असते. मी त्यांचा हात मागून घेतला, वीत पसरायला सांगितली आणि खाली गज धरला. साडेसात इंच. तेवढ्यावर खडूनं खूण केली आणि शिलाईचा अर्धा इंच सोडून सगळे चौकोन त्याच मापाचे कापले. त्यांच्या दहा विती, लांबीला. वाकळ झाल्यावर सासऱ्यांनी ती कशी आहे हेही सांगितलं नाही. पण पहाटे सडा टाकायला गेले की पटका उशाशी घडी घालून ठेवलेला दिसे.

विहिरीवर मात्र माझं नाव 'तिरडी मोजणारी' असंच राहिलं. परभणी हैदराबादेतून मुंबई राज्यात गेली, मला दोन मुलं झाली, तरी नव्या सुनांना ती गोष्ट सांगितली जायची आणि मी आले की थांबायची.

मग सासरे गेले. फार आजारी पडले नाहीत, माघ महिन्यात दोन दिवस ताप आला तेवढाच. अंगावर तीच वाकळ, रंग उडालेली. ओसरी माणसांनी भरली होती. अंगणात बांबू आणून टाकले होते आणि भावकीतले एक थोरले सुतळी सोडत त्यांच्या डोक्यापाशी वाकले. सासूबाई उशाशी बसल्या होत्या. त्यांनी हात आडवा धरला.

"त्येंला निजलेलं मोजू नका. माप सुनंकडं हाय."

सगळी माणसं माझ्याकडे वळली. मागे विहिरीवरच्या बायका होत्या, ती म्हातारीही होती. दाराआडून सोडलं तर मी सासऱ्यांसमोर कधी बोलले नव्हते, आणि आता त्यांच्या पायाशी उभं राहून, परक्या पुरुषांत, मला ते माप सांगायचं होतं. इतक्या वर्षांची लाज एकदम अंगावर आली.

"दोन गज," मी म्हटलं, "आणि बोटभर."

कुणीतरी गज मागितला. मी आतून आणून दिला. माझ्या बक्षिसाच्या गजानं अंगणात बांबू मोजले आणि तोडले. बरोबर बसले. सासऱ्यांना तिरडीवर ठेवलं तेव्हा पटका डोक्याला बांधलेला होता. पांढरं कापड घातल्यावर सासूबाई खाली वाकल्या, कापडावरून त्यांची पावलं चाचपली, कड खाली ओढून बघितली आणि माझ्याकडे मान वर केली.

"पाय झाकलेत गं," त्या म्हणाल्या.