शेवटच्या बाकाचा तपास

ते प्रकरण आजही माझ्या नजरेसमोरून हलत नाही, आणि विशेष म्हणजे ते माझ्या सेवाकाळातले नव्हे.

महाराष्ट्र पोलीस दलात मी सव्वीस वर्षे काढली. त्यांतील एकोणीस वर्षे ठाण्यात लेखनिक म्हणून फिर्यादी, जबाब आणि पंचनामे लिहिण्यात गेली. शालेय शिक्षण दहावीवर थांबले असले, तरी माझ्या हातच्या पंचनाम्यावर न्यायालयाने कधी बोट ठेवले नाही, हे नम्रपणे नमूद करतो. स्वेच्छानिवृत्तीनंतर मेहुण्याच्या आधाराने दुबईजवळच्या रास अल खैमाला आलो. येथे एका टायपिंग सेंटरमध्ये मी लोकांचे अर्ज लिहून देतो. संबंधितांची नावे देत नाही. त्यांना येथेच राहायचे आहे.

एका सकाळी फरशीकामाची ठेकेदारी करणारे एक मराठी गृहस्थ माझ्या टेबलापाशी आले.

"साहेब, युनिव्हर्सिटीला एक कडक अर्ज लिहा. गेमिंगचा लॅपटॉप अभ्यासाला लागतो का, ते त्यांनी स्टॅम्प मारून सांगावं."

त्यांची मुलगी आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला होती. अभ्यास आणि गेम दोन्ही चालतील असा लॅपटॉप तिने मागितला होता. "साडेचार हजार दिरहम! म्हणजे आपले लाखाच्या वर गेले. आणि माझा ऑफिसातला चांगला लॅपटॉप तिला दिलेला असताना!"

शिवाय त्यांच्याकडे एक खबर होती. रविवारच्या क्रिकेटला येणाऱ्या त्यांच्या टिफिनवाल्या मित्राचा मुलगा याच मुलीच्या वर्गात होता. त्याच्याकडून कळले, की मुलगी रोज शेवटच्या बाकावर, भिंतीला चिकटून बसते आणि लॅपटॉपमधून मान वर काढत नाही.

"शेवटच्या बाकावर कोण बसतं, साहेब? मी स्वतः बसायचो, मला माहितीय. लेक्चरमध्ये गेम खेळत असेल, तर लॅपटॉप खलास, कॉलेज खलास. सरळ सांगलीला भावाकडे, बी.कॉम."

एका विद्यार्थिनीचे भवितव्य पणाला लागले होते. मी पेनाला टोपण लावले. "अर्ज नंतर. आधी तपास."

शनिवारी दुपारी मी त्यांच्या घरी दाखल झालो. सोबत कोरे कागद, कार्बन आणि सामान तोलण्याचा हुकाचा काटा घेतला होता. गावी जाताना बॅग तोलण्यासाठी हा काटा येथे घरोघरी असतो. गेमिंगचे यंत्र फार जड असते आणि बसने ये-जा करणाऱ्या मुलीची पाठ मोडेल, असेही फिर्यादीचे म्हणणे होते. त्यामुळे सध्याच्या लॅपटॉपचे वजन नोंदवणे आवश्यक होते. मुलीच्या आईला मी पंच म्हणून बसवले.

"भाऊजी, आधी चहा घ्या," त्या म्हणाल्या, "मग फाशी द्या."

संशयिताला कधीही खिडकीकडे तोंड करून बसवू नये, बाहेर पाहून उत्तर सुचते. मी मुलीला भिंतीकडे तोंड करून बसवले. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉपवर तिचे काम चालू होते. पडद्यावर एका इमारतीचा सांगाडा दिसत होता.

"काका, आय अ‍ॅम नॉट अंडर अरेस्ट, राइट?"

"ते तुमच्या उत्तरांवर आहे. गेम खेळता?"

"हो. रोज एक तास. खालच्या मजल्यावर, फ्रेंडच्या डेस्कटॉपवर."

माझ्या अनुभवात इतक्या झटपट आलेली कबुली दुसरे काहीतरी झाकण्यासाठी असते. "आणि वर्गात? या यंत्रावर?"

ती हसू लागली. "यावर? काका, यावर कॅलेंडर उघडत नाही!"

"शेवटच्या बाकावर का बसता?"

हसू थांबले. तिने एकदा वडिलांकडे पाहिले आणि मान खाली घातली. मी तोच प्रश्न तीनदा विचारला. तिन्ही वेळा उत्तर आले, "जस्ट लाइक दॅट."

"बघा!" फिर्यादी उठून उभे राहिले. "मी सांगलीला फोन लावतो."

"थांबा. मुद्देमालाची नोंद राहिली आहे," असे म्हणून मी काटा काढला. वायर लटकत असताना वजन खरे येत नाही, हे उघड आहे. मी वायर ओढून काढली.

"काका, नो!"

पडदा त्याच क्षणी काळा झाला. हवालातीत कोणी माझ्या देखत बेशुद्ध पडावे, तसा मी गारठलो. मुलीने दोन्ही हातांनी डोके धरले.

"माझं मॉडेल! परवा मंडेला सबमिशन आहे! सकाळपासून सेव्ह नव्हतं केलं. सेव्ह करायलाच दहा मिनिटं लागतात."

"पण वायर काढली तर बंद का पडला?" फिर्यादींनी विचारले. "माझ्या ऑफिसात कधी पडला नाही."

"ऑफिसात त्याची वायर कधी काढली होती का?" मी विचारले.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. सात वर्षे तो लॅपटॉप त्यांच्या एकाच टेबलावर, एकाच सॉकेटला होता.

मी मुलीकडे वळलो. "वर्गात सॉकेट कुठे आहेत?"

"मागच्या भिंतीला," ती पुटपुटली. "फक्त मागच्या."

"अगं, मग सांगायचं ना!" वडील म्हणाले.

"पप्पा, यू वेअर सो हॅपी. बिझनेसचं लायसन्स मिळालं तेव्हाचा तुमचा पहिला लॅपटॉप, लकी आहे म्हणालात. त्याला हळदकुंकू लावून दिलात. मी कसं सांगणार, की त्याची बॅटरी डेड आहे?"

फिर्यादी खुर्चीत बसले आणि त्यांनी तो काळा पडदा हळूच मिटला. मग म्हणाले, "साहेब, यल्ला, दुकानात चला."

दुकानात मी एकच पद्धत ठेवली. विक्रेता तोंड उघडायच्या आत वायर काढायला लावायची.

"सर, ये डेमो पीस है, वायर नहीं निकालते," तो मल्याळी तरुण काकुळतीला आला.

"भाई, हमने एक निकाला है, तभी इधर आए हैं," फिर्यादी म्हणाले.

पहिला लॅपटॉप रंगीबेरंगी दिव्यांचा. विटेएवढा चार्जर विक्रेत्याने खोक्यातच ठेवला होता. मी त्या सहआरोपीला बाहेर काढून काट्याला लटकवले. दोघे मिळून साडेतीन किलो, आणि वायरीविना जेमतेम दोन तास. दुसरा हलका, पण मुलीने पेनड्राइव्हवर आणलेले आदल्या दिवशीचे मॉडेल त्यावर फिरेना. तिसरा साधा राखाडी. त्यात चित्रांसाठी वेगळे कार्ड होते, म्हणजे इमारतही फिरणार आणि गेमही चालणार. साध्या कामाला वायरीविना सात तास, चार्जरसह सव्वादोन किलो.

"दिवे नाहीत यात," वडील मुलीला हळूच म्हणाले. "तुला दिवे हवे होते ना?"

"मला फ्रंट बेंच हवाय, पप्पा."

पंधरा दिवसांनी क्रिकेटच्या मैदानातून नवी खबर आली: मुलगी दुसऱ्या बाकावर बसते. लकी लॅपटॉप पुन्हा ऑफिसातल्या टेबलावर, त्याच सॉकेटला गेला आहे.

माणूस घटनेच्या वेळी कुठे बसला होता, हे मी शेकडो पंचनाम्यांत बिनचूक लिहिले. तो तिथेच का बसला, हा रकाना आमच्या छापील नमुन्यात नव्हता, म्हणून मीही कधी विचारले नाही. त्या कागदांवर किती जणांचे शेवटचे बाक मी गुन्हा म्हणून नोंदवले असतील, हा विचार आता अधूनमधून येतो.

फिर्यादींचा कडक अर्ज अखेर लिहावा लागलाच नाही. त्याऐवजी दुकानातून परतताच मी प्राध्यापकांच्या नावे दुसरा अर्ज लिहिला: सदर विद्यार्थिनीचे काम तिच्या चुकीने नव्हे, तर तपासी अंमलदाराने वायर ओढल्याने नष्ट झाले असून, तिला दोन दिवसांची मुदत मिळावी ही विनंती. हजारो लोकांसाठी अर्ज लिहिले. अर्जदार म्हणून खाली स्वतःची सही करण्याची ती पहिलीच वेळ. मुदत मिळाली.